रात्री साडेअकराला मुलाचे मेसेज वाचणाऱ्या आईला

एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात सांगते. मुलगा नववीत, नुकतीच पंधरा पूर्ण झाली. आठवीत क्लासच्या नोट्स ग्रुपवर पीडीएफने येऊ लागल्या, म्हणून त्याला फोन घेऊन दिला. वर्षभर बरं चाललं. दिवाळीनंतर त्याने फोन उघडायचा पॅटर्न बदलला, जेवताना फोन पालथा ठेवू लागला, खोलीचं दार लोटून घेऊ लागला. वडिलांनी ऑफिसातल्या कुणाच्या सांगण्यावरून त्याच्या फोनमध्ये गुपचूप एक अ‍ॅप टाकलं. आता त्याचे सगळे मेसेज आईच्या फोनवर दिसतात. तीन आठवडे झाले, रोज रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातला दिवा लावून ती वाचत बसते. सापडलं काय? मित्रांच्या ग्रुपवर आईबहिणीवरून शिव्या. वर्गातल्या एका मुलीशी रोजचं 'गुड नाइट', लाल बदामांसकट. गेममध्ये ओळख झालेला, प्रत्यक्ष कधी न भेटलेला एक 'भाई', त्याच्याशी रात्री एक-एक वाजेपर्यंत गप्पा. आणि मुलाने आईचा नंबर 'सीसीटीव्ही' या नावाने सेव्ह केला आहे, हेही. शेवटी विचारलंय, "मॅडम, वाचणं थांबवलं तर भीती वाटते आणि वाचलं तर लाज वाटते. काय करू?"

ताई, ही लाज वाटते आहे ना, ती बरोबर आहे. भीतीही बरोबर आहे. चुकीचं आहे ते अ‍ॅप, तेव्हा आधी त्याच्याकडे वळू.

असं अ‍ॅप टाकताना काय काय करावं लागलं, ते यजमानांना आठवायला सांगा. फोनचं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप्स पकडणारी गूगलची सोय, बंद करावं लागलं असेल. 'अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल करू द्यायचं का' याला होय म्हणावं लागलं असेल. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी, म्हणजे स्क्रीनवर उमटणारा जवळजवळ प्रत्येक शब्द वाचायची मुभा. चोराच्या भीतीने दाराची कडी आपणच काढून ठेवावी, तसं झालं हे. मुलाचे मेसेज थेट तुमच्याकडे येत नाहीत. ते आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडतात आणि तिथून तुमच्याकडे येतात. या धंद्यातलं जगभर खपणारं एक नाव म्हणजे एमस्पाय. त्याच्या ग्राहकांची माहिती २०१५, २०१८ आणि २०२४ अशी तीनदा बाहेर फुटली. एवढ्या मोठ्या नावाची ही गत, तर कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या लिंकवरून उतरवलेल्या फुकट अ‍ॅपवर मी पोरांचे फोटो आणि चॅट सोपवणार नाही. तुम्हीही सोपवू नका. पंधरा वर्षांच्या मुलाने एखाद्या मैत्रिणीच्या फोनमध्ये हेच अ‍ॅप टाकलं असतं, तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

काढायचं तर नुसतं अनइन्स्टॉल दाबून बऱ्याचदा निघत नाही, बटण फिकं दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन त्याची अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिन या दोन परवानग्या आधी बंद करा, मग ते निघेल. प्ले प्रोटेक्ट पुन्हा चालू करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तिथे एखादा लॅपटॉप जोडून ठेवलेला नाही ना, तेही बघा. एका खात्याला चार जादा उपकरणं जोडता येतात. मुलाचं व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या लॅपटॉपवर उघडं ठेवणारे वडील मी बरेच पाहिलेत. पोरांना ते दोन दिवसांत कळतं, ती फक्त बोलत नाहीत. खरं बोलणं मग दुसरीकडे सरकतं. स्पॅम अकाउंट, म्हणजे घरच्यांपासून लपवलेलं दुसरं खातं, निघतं, व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट लॉक लागतं, चोवीस तासांत पुसले जाणारे मेसेज सुरू होतात, नाहीतर सरळ मित्राच्या फोनवरून काम चालतं. तुम्ही वाचत बसता ते तुमच्यासाठी मागे ठेवलेलं असतं.

पण हे सगळं तुम्ही एकट्याने, तो शाळेत असताना करू नका. त्याच्यासमोर करा. म्हणजे आधी त्याला सांगावं लागणार.

इथे बहुतेक पालक अडतात. "सांगितलं तर विश्वास उडेल," म्हणतात. विश्वास उडायचा तो तीन आठवड्यांपूर्वीच उडाला आहे, त्याला अजून पत्ता नसेल, नाहीतर तो बोलत नसेल, इतकंच. आणि तो 'भाई' कोण, हे तुम्हाला विचारायचं आहे. न सांगता ते कसं विचारणार? "सहज विचारते रे, गेममध्ये कुणाशी बोलतोस का?" असं आडून विचाराल. पंधरा वर्षांचं पोर आईचा 'सहज' बरोबर ओळखतं.

सांगण्याची जागा नीट निवडा. जेवणाचं ताट समोर असताना नको. आईवडील एका सोफ्यावर आणि समोर तो एकटा, अशी कोर्टासारखी मांडणीही नको. गच्चीवर कपडे वाळत घालताना, संध्याकाळी फेरी मारताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना मुलं जास्त बोलतात. नजरेला नजर द्यावी लागत नाही ना! अ‍ॅप वडिलांनी टाकलं आहे, तेव्हा पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून यायला हवं. तुम्ही एकट्यांनी सांगितलंत तर आई बिचारी आणि बाबा व्हिलन असा डाव पडेल. तो पुढची पाच वर्षं तुमच्या दोघांच्या भांडणात खेळला जाईल.

काय बोलावं? मी घरोघरी सांगते ते साधारण असं असतं.

"तुझ्या फोनमध्ये आम्ही एक अ‍ॅप टाकलं होतं. तुला न विचारता. तीन आठवडे तुझे मेसेज वाचले. घाबरलो होतो म्हणून केलं, पण करायला नको होतं. आज तुझ्यासमोर काढून टाकतोय."

यावर तो "ठीक आहे बाबा" म्हणणार नाही. बहुधा "मग? वाचलं ना सगळं? आता कशाला सांगताय?" म्हणेल. दार आपटेल. दोन दिवस जेवायला बाहेर येणार नाही. ते दोन दिवस त्याचे आहेत. मध्ये जाऊन समजूत काढू नका, 'आम्ही तुझ्या भल्यासाठीच' हे तर उच्चारूच नका. आणि 'पण तूही शिव्या देत होतास' असा हिशोब मांडू नका. माफीच्या शेपटाला 'पण' लागला की ती माफी राहत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी मुलगी दहावीत असताना तिचा फोन चार्जिंगला होता, मेसेजचा उजेड पडला आणि मी वाचला. मग आणखी वाचले. तेव्हा मी एका शाळेत समुपदेशक म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना सल्ले देत होते, हे विशेष! मैत्रिणीला तिने एका मुलाबद्दल काही लिहिलं होतं, अगदी निरुपद्रवी. मी रात्री जेवताना ते बाहेर काढलं. ती काही बोलली नाही. ताटातली आमटी भातात कालवत राहिली, बराच वेळ, मग ताट उचलून गेली. पुढच्या वर्षी क्लासमधला एक मोठा मुलगा तिच्या मागे लागला होता, रोज बसस्टॉपपर्यंत यायचा. हे तिच्या आत्याला माहीत होतं, मला नाही. आत्याने ते निस्तरलं. मला कळलं तेव्हा ती कॉलेजात होती. "तुला सांगितलं असतं तर तू आधी माझा फोन मागितला असतास," एवढंच म्हणाली.

या विषयावरचं एक संशोधन मी नंतर वाचलं आणि गप्प बसले. स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोघांनी सातशेच्या आसपास चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर समज असा होता की ज्या पालकांना मुलाचं सगळं ठाऊक असतं, ते चांगली पाळत ठेवतात. या दोघांनी विचारलं, पालकांना ठाऊक होतं ते नेमकं कुठून? निघालं असं की पालकांना जे कळतं ते मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून. विचारपूस, नियम आणि बंधनं यांचा वाटा त्यामानाने थोडा. पुढे २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात उलट बाजूही दिसली. आपल्या खासगी गोष्टींत आईवडील घुसतात असं ज्या मुलांना वाटत होतं, ती अधिक लपवू लागली आणि काही काळाने त्यांच्या पालकांना आधीपेक्षा कमीच माहिती होती. माझ्या घरात आत्याला कळलं आणि मला नाही, ते याच वाटेने.

आता तुम्हाला सापडलेल्या गोष्टी एकेक करून बघू.

शिव्या. पंधरा वर्षांच्या पोरांच्या ग्रुपवर शिव्या स्वल्पविरामासारख्या येतात. तुमच्या मुलाच्या तोंडी त्या तुमच्यासमोर येत नाहीत, म्हणजे कुठे काय बोलायचं हे त्याला कळतं. फक्त एक बघायचं, ते म्हणजे शिव्या कुणाला चालल्या आहेत. सगळे सगळ्यांना देत असतील तर सोडून द्या. ग्रुपवर रोज एकाच मुलाला धरून खेळवलं जात असेल, त्याचे फोटो बिघडवून टाकले जात असतील, तर मात्र बोला, तुमचा मुलगा त्यात नुसता हसणारा असला तरी.

ती मुलगी. हा विषय तुमचा नाही. तुम्ही तो वाचायला नको होता, तेव्हा न वाचल्यासारखा ठेवा. आणि कळकळीने सांगते, तिच्या आईला फोन करू नका. 'एक आई म्हणून सांगावंसं वाटलं' म्हणून केलेल्या अशा फोननंतर काय होतं, ते मी पाहिलंय. मुलाच्या घरी चार दिवस अबोला असतो. मुलीच्या घरी तिचा फोन जातो, मग क्लास जातो, आणि अकरावीला शहरात पाठवायचं ठरलेलं असतं तेही जातं. तुमच्या मुलाने पाठवलेल्या बदामाची किंमत तिने शिक्षणाने का मोजावी?

आणि इथे थोडं विषयांतर, पण राहवत नाही. माझ्याकडे फोन 'तपासून' येणाऱ्या पालकांमध्ये मुलींचे पालक फार. त्याच घरातल्या भावाचा फोन कुणी उघडलेला नसतो. मुलीच्या फोनमध्ये आपण अब्रू शोधतो आणि मुलाच्या फोनमध्ये फार तर मार्क. पैशांची लूट, जुगारासारखे गेम, अश्लील व्हिडिओंचा विळखा हे मुलांच्या फोनमध्ये वर्षभर राहून जातं, कारण तिकडे कुणाचं लक्षच नसतं. तुमच्या घरी धाकटी लेक असेल तर तिच्या वेळी नियम हेच ठेवा.

आता तो 'भाई'. सगळ्यात जास्त वेळ याला द्या. गेममध्ये भेटलेला प्रत्येक अनोळखी माणूस लांडगा नसतो. बऱ्याचदा तो दुसऱ्या जिल्ह्यातला असाच नववी-दहावीतला पोरगा निघतो, त्यालाही रात्री झोप येत नसते. म्हणून 'कोण आहे तो, ब्लॉक कर' असा हुकूम सोडू नका. अ‍ॅप काढून झाल्यावर, चार-पाच दिवसांनी, या गोष्टी विचारा. त्याने तुला गेममधून दुसऱ्या एखाद्या खासगी अ‍ॅपवर यायला सांगितलं का? फोटो किंवा व्हिडिओ कॉल मागितला का? त्याने तुला फुकटात गेममधले विकतचे डायमंड, स्किन, नाहीतर रिचार्ज असं काही दिलं का? 'हे घरी सांगू नको' असं कधी म्हणाला का? एकाचंही उत्तर हो आलं तर प्रकरण गंभीर आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर फारच. मुलाला कारणही सांगा. जो माणूस आधी देतो, मग गुपित ठेवायला लावतो आणि मग मागतो, त्याची पद्धत ठरलेली असते. मुलांना ही पद्धत एकदा समजावून दिली की ती आपली आपण ओळखतात. आमच्या एका गटात सातवीतल्या मुलाने हात वर करून विचारलं होतं, "म्हणजे मासे धरतात तसं, आधी पीठ टाकायचं?" मी तेव्हापासून तेच उदाहरण देते.

आता तुमची भीती. अ‍ॅप काढलं म्हणजे डोळे मिटून बसायचं असं नाही. देखरेख हवीच. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात अख्खा बाजार देऊन 'विश्वास आहे माझा' म्हणणं ही टाळाटाळ झाली. माझा दंडक एकच आहे. जे बघायचं ते त्याला सांगून बघायचं, आणि पत्राची पाकिटं बघायची, पत्र वाचायचं नाही. झोप, पैसा, तो कुठे आहे, कुठली अ‍ॅप्स आहेत, अनोळखी माणसं किती, ही झाली पाकिटं. कुणाला काय लिहिलं, हे पत्र.

यातली झोप सगळ्यात आधी धरा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'रात्री एक वाजेपर्यंत' हे शब्द, तो भाई कोण हे नंतर. रात्री दहाला घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगला लागतील, असा नियम करा. आमच्याकडे फ्रिजवर एक जुनी बिस्किटांची डबी आहे आणि तिच्याशेजारी एक्स्टेन्शन बोर्ड. सगळे म्हणजे तुमचा आणि यजमानांचाही. पहाटेच्या गजरासाठी बाजारातून साधं गजराचं घड्याळ आणा, नाहीतर 'अलार्मसाठी हवाय' म्हणून फोन उशाखाली परत जातो. हा एक नियम पाळला गेला तर बाकीच्या अर्ध्या भानगडी आपोआप मिटतात. मुलांचे फोनवरचे बहुतेक घोळ रात्री अकरानंतरचे असतात, हे मी इतक्या वर्षांत बघत आले आहे.

एकट्या घराला जड वाटत असेल तर सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवा. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. मला त्यात आवडलं ते हे की भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. बापाने सोफ्यावर लोळून रील्स बघायचे आणि पोराला 'ठेव तो फोन' म्हणायचं, असा प्रकार त्यात नाही.

पैशाचं सोपं आहे. तुमचा यूपीआय पिन त्याला ठाऊक असेल तर आज बदला आणि बदलल्याचं सांगा. त्याला महिन्याला ठरावीक रक्कम द्या आणि त्याच्या पैशातून तो गेममध्ये डायमंड घेत असेल तर घेऊ द्या. एकदा पस्तावेल, तेही स्वतःच्या पैशाने.

उघडपणे लावायच्या सोयी फोनमध्येच आहेत, त्यांना गुप्तहेर लागत नाही. अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आहे, फुकट. त्यात रोजचा वेळ आखता येतो, रात्री फोन कुलूपबंद होतो, नवीन अ‍ॅप उतरवायला तुमची परवानगी लागते, तो कुठे आहे ते नकाशावर दिसतं. मेसेज मात्र वाचता येत नाहीत. माझ्या मते ही त्याची उणीव नव्हे, शहाणपण आहे. तेरा वर्षांवरच्या मुलाच्या चालू खात्याला ते जोडताना त्याचीही संमती द्यावी लागते, म्हणजे बोलणं टळत नाही. आयफोन असेल तर स्क्रीन टाइम आणि फॅमिली शेअरिंगमधून हेच होतं. इन्स्टाग्रामने भारतात २०२५ च्या फेब्रुवारीपासून अठराच्या आतल्यांसाठी टीन अकाउंट आणलं आहे. खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, तो ज्यांना फॉलो करतो किंवा ज्यांच्याशी जोडलेला आहे तेच मेसेज करू शकतात, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प असतात. सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. देखरेख जोडली की गेल्या सात दिवसांत त्याने कुणाकुणाशी चॅट केलं तेवढं तुम्हाला दिसतं. काय बोलला ते दिसत नाही. पाकीट दिसतं, पत्र नाही. हे सगळं अर्थात त्याने जन्मतारीख खरी टाकली असेल तर. मुलं सर्रास २००० साल टाकतात. तेव्हा पहिल्यांदा जन्मतारीख बघा, एकत्र बसून.

कुठला नियम किती दिवस, हेही त्याला सांगून टाका. नववीत दोन तास असतील तर दहावीच्या परीक्षेनंतर किती, अकरावीत लोकेशन चालू ठेवायचं का, सतरा झाल्यावर काय काय सुटणार. कैद्यालासुद्धा सुटकेची तारीख माहीत असते. ज्या मुलाला माहीत असतं की सहा महिन्यांनी एक गाठ सुटणार आहे, ते गाठ तोडायला जात नाही. आणि दहा वर्षांच्या पोराला हा सगळा न्याय लावू नका. त्याचा फोन तुमच्याच हातात बरा.

काही पालक मला सुनावतात, "अठरापर्यंत तो कायद्याने आमच्या ताब्यात आहे." ताब्यात आहे, म्हणजे जबाबदारी तुमची आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, आणि बालन्याय कायद्याने, २०१५ च्या, मुलाच्या खासगीपणाचा हक्क मूळ तत्त्वांमध्ये घातला. कुणी मूल त्यावरून आईवर खटला भरणार नाही. पण 'लहान मुलांना कसली प्रायव्हसी' हे वाक्य आता आपल्या कायद्यालाही मान्य नाही, एवढं ध्यानात असू द्या.

न विचारता फोन उघडायची वेळ येतच नाही का? येते. मूल स्वतःला इजा करत असल्याच्या खुणा दिसल्या, मरणाबद्दल बोलू लागलं, अचानक घरातून नाहीसं झालं, अंगावर कुणाची तरी दहशत असल्यासारखं खाणंपिणं सोडलं, तर मी स्वतः सांगेन, फोन उघडा, आत्ता. मात्र त्यानंतर त्याला सांगा की उघडला, आणि का. 'मार्क कमी पडले', 'हसत होता एकटाच', 'पॅटर्न बदलला' ही कारणं या यादीत बसत नाहीत. पॅटर्न बदलणं हे मिसरूड फुटण्यासारखं आहे, वयात आल्यावर होतं. स्वतःला इजा किंवा मरणाची भाषा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतूनही बोलता येतं.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. अकरावीतला मुलगा. इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावाच्या खात्याशी मैत्री, रात्री व्हिडिओ कॉल, तिने कपडे काढले, त्यानेही. तिसऱ्या मिनिटाला स्क्रीनवर त्याचंच रेकॉर्डिंग आणि त्याच्या मामाचं, काकूचं, वर्गातल्या पोरांचं प्रोफाइल, 'यांना पाठवू?' असं विचारत. पलीकडे मुलगी नव्हतीच. रात्रीत त्याने आईच्या यूपीआयवरून अकरा हजार पाठवले, तरी मागणी वाढत गेली. पहाटे चारला त्याने वडिलांना उठवलं. वडील एसटीत कंडक्टर, साडेपाचची ड्युटी. त्यांनी आधी विचारलं, "तू जेवलायस का रात्री?" मग खात्याचं सगळं ऐकलं. मुलाने मला नंतर सांगितलं की त्या वाक्यावर तो रडला. मी त्या वडिलांना विचारलं, आधी कधी फोन तपासायचात का त्याचा? म्हणाले, "मला नाही येत त्यातलं. तो डेपोत डबा घेऊन यायचा तेव्हा बोलायचो आम्ही."

असं झालंच तर काय करायचं, ते आत्ताच लिहून फ्रिजला लावा. आणखी पैसे पाठवायचे नाहीत, देणाऱ्याकडून मागणं वाढतंच. चॅट पुसायचं नाही, खात्याचं नाव, लिंक आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट काढून मग ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही करता येते. लहान मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. आणि अठराच्या आतल्या मुलाचं तसलं चित्र 'पुरावा' म्हणून काकाला, सरांना, कुणालाही व्हॉट्सअ‍ॅप करायचं नाही. हेतू चांगला असला तरी तो गुन्हा ठरू शकतो. अमेरिकेतली एनसीएमईसी ही हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणारी संस्था 'टेक इट डाउन' नावाची फुकट सोय चालवते. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या तिच्याशी जोडलेल्या कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. पोलिसांत गेलो तर बोभाटा होईल, ही भीती मी रोज ऐकते. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्यात मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. जबाब घरी घेता येतो, आणि घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात असता कामा नये, असंही त्यात लिहिलं आहे. अंमलबजावणीत कुठे कुठे अडतं, पण हे कलम तुम्हाला माहीत आहे असं दिसलं की समोरचा माणूस जरा सावरून बोलतो.

आता राहिलं ते 'सीसीटीव्ही'. पत्रात तुम्ही ते शेवटी लिहिलंय, पण मला वाटतं सगळ्यात लागलंय तेच. त्याला ते नाव बदलायला सांगू नका. अ‍ॅपचं कबूल कराल तेव्हा हेही वाचलं म्हणून सांगा, एवढंच. लाजेल, कदाचित हसेलही. तीन आठवड्यांपूर्वी अ‍ॅप टाकलं गेलं त्याच्या आधी ते नाव पडलं होतं की नंतर, हे त्याला विचारायची मला स्वतःला फार उत्सुकता आहे.

आणि तुमच्या फोनमध्ये त्याचा नंबर कुठल्या नावाने आहे, तेही एकदा बघून घ्या. बहुतेक 'बाळ' असेल.